पहिला खाडा

आठ वाजून दहा मिनिटं झाली तरी खालून पॉलिशपेपरचा आवाज येईना, तेव्हा हैबतराव ठोंबरे यांच्या हातातला चहाचा कप ओठांपाशी जाता जाता थांबला. एकोणीस वर्षं पेणच्या रामवाडीतल्या या घराची सकाळ त्या आवाजाने होत आली होती. खाली गणपतीचा कारखाना, वर बिऱ्हाड. आठच्या ठोक्याला बायका येत, नाकावरून पदर घट्ट बांधत आणि साच्यातून निघालेल्या मूर्तींची पोटं, सोंडा, कानांच्या कडा घासायला बसत. ती खरखर सुरू झाली की हैबतराव चहाचा पहिला घोट घ्यायचे. आज कानाला दडे बसले असावेत, असंच त्यांना आधी वाटलं. सत्तावन्न पुरी झालेली. शरीराने अशी कुरकुर सुरू केली तर नवल नव्हतं. त्यांनी कानात करंगळी घालून हलवली. तेवढ्यात महामार्गावरच्या ट्रकचा हॉर्न स्वच्छ ऐकू आला, आणि कान शाबूत आहेत हे कळल्यावर ते कप ठेवून गॅलरीत गेले.

गॅलरीतून पाहिलं तर समोरच्या जांभळीखाली चौदा माणसं बसली होती. घोषणा नाही, झेंडा नाही, आरडाओरडा नाही. दहा बायका, चार पुरुष, सगळी गागोद्याच्या वाटेवरच्या आदिवासी वाडीतली. लग्नघरी जेवणाची पंगत लागायची वाट बघत बसावं तशी बसली होती. आणि कारखान्याच्या पायरीवर सगळ्यांचे ब्रश स्वच्छ धुऊन, केस वर करून, एका ओळीत मांडून ठेवलेले. धुतलेत ते बरं केलं, हा हैबतरावांच्या मनात आलेला पहिला विचार. काम शिकवताना त्यांनीच ते डोक्यात घातलं होतं, की माणूस उपाशी राहिला तरी चालेल पण ब्रश न धुता ठेवायचा नाही. त्या ओळीत सगळ्यात शेवटी शून्य नंबरचा बारीक ब्रश होता. तो कमळीचा. ती डोळ्यांची आखणी करायची. तिचा ब्रश ती कधी कुणाच्या हाती देत नसे. रोज घरी जाताना अंबाड्यात खोचून न्यायची. तो आज पायरीवर होता. बाकीचे तेरा परत आणता येतील, हा येईल की नाही याचा त्यांना भरवसा वाटेना.

हे कशावरून झालं ते न कळण्याइतके हैबतराव भोळे नव्हते. अठरा दिवसांपूर्वी केरू पडला होता. केरू म्हणजे कमळीचा धाकटा दीर, माल उचलण्यात वस्ताद. चार फुटी मूर्ती डोक्यावर घेऊन फळीवरून माळ्यावर चढायचा, तो त्या दिवशी फळीसकट खाली आला. मूर्ती फुटली आणि केरूचं कंबरेचं हाड मोडलं. हैबतरावांनी स्वतः गाडी काढली, स्वतः त्याला मागच्या सीटवर आडवं केलं, दवाखान्याचा सगळा खर्च केला, पुढचाही करणार होते. त्याबद्दल कुणी त्यांना नावं ठेवू नयेत. पण दवाखान्यातल्या खिडकीमागच्या माणसाने कागद भरताना विचारलं होतं, पेशंट कुठं कामाला आहे? तिथे उत्तर द्यायला हैबतरावांना क्षणही लागला नव्हता. ते म्हणाले होते, "कामाला असा कुठं नाही. आमच्याकडे सुटं काम करतो कधीमधी." बोलून वळले तर मागे कमळी उभी होती. तिच्या हातात केरूच्या चपला होत्या. नुसतं त्यांच्याकडे बघून तिने त्या चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या होत्या.

कधीमधी. अकरा-बारा वर्षं, रविवार सोडून रोज, आणि सीझनला रविवारीसुद्धा. तरी तो शब्द त्यांच्या तोंडून असा निघाला होता, जणू कुणीतरी तो आधीच जिभेवर आणून ठेवला होता.

हे सगळं आजच व्हावं याचं दुखणं वेगळं. आज बाराला इंदूरचे पाटनीशेठ येणार होते. सुतळीने बांधलेली एक जुनी चामडी बॅग घेऊन दर वैशाखात ते यायचे आणि कारखान्यातला निम्मा माल एकटे उचलायचे. त्यांच्या सौद्याची रीत ठरलेली होती. कागद नाही, करार नाही. शेठ खुर्चीत बसायचे, चहा यायचा, मग रंग होऊन तयार असलेली पण डोळे न काढलेली एक मूर्ती त्यांच्यासमोर पाटावर ठेवायची. कमळी समोर मांडी घालून बसायची, श्वास रोखायची आणि डोळे काढायची. आधी वरच्या पापणीची रेघ, मग खालची, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती तुमच्याकडे बघायला लागते. पाटनीशेठ हात जोडायचे, बॅगेतून गूळ काढून सगळ्यांना वाटायचे, झाला सौदा. ती मूर्ती ते स्वतःच्या देव्हाऱ्यासाठी मांडीवर घेऊन जायचे. प्लास्टर चालणार की बंद होणार, याच्या बातम्यांनी मागची दोन वर्षं पेणमधल्या बड्याबड्या कारखानदारांची झोप उडवली होती. पाटनीशेठांच्या गुळामुळे हैबतराव तेवढे शांत झोपले होते. आज आखणी झाली नाही तर गूळ नाही, आणि पाटनींनी हात आखडला हे कळलं की नागपूरवाले आणि सुरतवाले यांना वेगळं सांगायला लागत नाही. या धंद्यात वाईट बातमी मालाच्या आधी पोचते.

सुजयने, म्हणजे त्यांच्या मुलाने, तोवर इकडेतिकडे तीन फोन केले होते. त्याचं म्हणणं सरळ होतं. शेठला सांगायचं की आज वाडीवर जत्रा आहे, माणसं सुट्टीवर आहेत. उद्यापर्यंत खाडीपट्ट्यातल्या गावातून दुसरे आखणीवाले आणायचे. या लोकांना पंधरा दिवस बसू द्यायचं, भूक लागली की येतील. हैबतराव ऐकत होते. मुलाच्या तोंडून येणारं प्रत्येक वाक्य त्यांनी पूर्वी कुठेतरी ऐकलं होतं, फक्त त्या वेळी ते दाराच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. भूक लागली की येतील, हे तर शब्दाला शब्द तेच होतं.

खाली उतरून ते जांभळीपाशी गेले, ते काही ठरवून नव्हे. त्यांना बघून सगळी उठून उभी राहिली. ही सवय अजून मोडली नव्हती, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं. रंभाने, त्यांच्या बायकोने, त्यांच्याही आधी येऊन पाण्याची कळशी आणि दोन तांबे ठेवलेले दिसले. संप आहे की काय आहे ते मला कळत नाही, ऊन आहे एवढं कळतं, असं तिने सुजयला सुनावलं होतं म्हणे. हैबतरावांनी आवाज शक्य तितका घरगुती ठेवला. केरूचं सगळं मी बघतोय, हवं तर रोजी वाढवून घ्या, आज शेठ येतायत, निदान एक मूर्ती करून दे कमळे, मग बसा खुशाल. बाकीच्यांनी कमळीकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. कारखान्यात आली तेव्हा ती काथ्या कुटायची, ओल्या फडक्याने मूर्ती पुसायची. एकदा फुटक्या मूर्तीवर तिने चोरून डोळा काढला होता. तो बघून हैबतरावांनी तिला रागे भरायच्या ऐवजी स्वतःचा ब्रश दिला होता. हात देवाने दिलेला होता, त्यांनी फक्त तो ओळखला, असं ते सगळ्यांना सांगत. तिला सांगितलं होतं की नाही ते आठवत नव्हतं.

"पैशाचं नाय हाय, शेट," कमळी म्हणाली. "आमची नावं लिवा वहीत. आमी हितं कामाला हाव, येवढं लिवा."

तिने आणखी काही मागितलं असतं तर त्यांनी दिलं असतं. पंखे, तोंडावर बांधायच्या पट्ट्या, दिवाळीला दुप्पट. पण वही म्हटल्यावर त्यांचा चेहरा बंद झाला. बघू, शेठ जाऊ देत, असं काहीतरी पुटपुटून ते आत आले. ते का, हे समजायला त्यांच्याबरोबर रोह्याला जावं लागतं, आणि हैबतराव तिथे कुणालाच नेत नसत. एवढ्या वर्षांत रंभालासुद्धा त्यांनी ते धड सांगितलं नव्हतं.

तेव्हा ते हैबतराव नव्हते, नुसता हैबत होता. अठ्ठावीस वर्षांचा, गागोदे बुद्रुकची भातशेती भावावर टाकून आलेला, रोह्याजवळच्या अष्टमी गावात कुंडलिका नदीच्या काठी तिघांत एक खोली घेऊन राहणारा. धाटावच्या एमआयडीसीत रंग बनवणारी एक कंपनी होती. तिथे तो ड्रम हलवायचा. संध्याकाळी नाक शिंकरलं तर ज्या रंगाचा माल निघाला असेल तो रंग रुमालावर यायचा. सहा वर्षं काम करून त्याचं नाव कुठेच नव्हतं. तो ठेकेदाराचा माणूस, आणि ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणायचा, कोण हैबत? मग संप झाला. त्रेपन्न दिवस. गेटसमोर मांडव, मांडवात भजन, पातेल्यात खिचडी. मागणी एकच होती, हजेरीपटावर नाव. वरच्या मजल्यावर काचेच्या खिडकीत मॅनेजरसाहेब हात मागे बांधून तासन्‌तास उभे राहायचे आणि खालून पोरं दात-ओठ खायची, की बघा कसा मजा बघतोय. हैबतही खायचा. चोपन्नाव्या दिवशी कंपनी नमली. गेटवर टेबल मांडून साहेबाने स्वतः यादी वाचली. ‘हैबत धोंडू ठोंबरे, गागोदे बुद्रुक.’ बापाचं नाव, गावाचं नाव, असं सगळं सुटाबुटातल्या माणसाच्या तोंडून मोठ्याने. हैबत रडला होता. त्याला फोटोचा गेटपास मिळाला आणि तो त्याने रात्री उशाखाली ठेवला होता. एक्केचाळीस दिवसांनी कंपनी बंद झाली.

संपाने ती बंद पडली असं सगळे म्हणायचे. हैबतने मात्र ती बंद पडताना आतून पाहिली होती. यंत्रं जागच्या जागी होती, माल होता, माणसं तर आता हौसेने कामावर येत होती. गेला होता तो भरवसा. आधी ट्रकवाले पैसे आगाऊ मागायला लागले. मग माल नेणारे म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. कच्चा माल देणारे म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. कुणी भांडलं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. मग एक दिवस गेटसमोरच्या चहावाल्याने टपरीची ताडपत्री सोडली आणि घडी घालून सायकलच्या कॅरियरला बांधली, तेव्हा हैबतला कळलं की आता काही खरं नाही. शेवटच्या दिवशी मॅनेजरसाहेब केबिनच्या दारावरची स्वतःच्या नावाची पाटी पेचकसाने काढत होते. एक स्क्रू निघेना. हैबतने जाऊन तो काढून दिला. साहेब थँक्यू म्हणाले. तेवढंच त्यांचं आयुष्यातलं बोलणं.

मग पेणला येऊन त्याने पाच-सहा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात साचे भरले, आखणी शिकला, स्वतःची शेड घातली. हैबतचा हैबतशेठ झाला. आणि या सगळ्या वर्षांत रोह्याने त्याला एकच धडा शिकवला असं तो धरून चालला. वही आली की तंटा आला. नाव लिहिलं की नावाला तोंड फुटतं. म्हणून आपल्याकडे वही नाही. सगळं तोंडी, घरच्यासारखं, अडीनडीला आपण आहोतच. कुणाचं बाळंतपण, कुणाचं छप्पर, सगळ्याला हैबतराव धावून गेले होते, आणि त्यात खोट नव्हती. फक्त ज्या कागदासाठी ते स्वतः त्रेपन्न दिवस उन्हात बसले होते, तो त्यांनी आपल्या दारात कुणाला दिला नाही. स्वतःचा गेटपास मात्र कपाटात रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता.

साडेअकराला ते वरच्या खिडकीत जाऊन उभे राहिले. पाटनीशेठांची गाडी महामार्गावरून आत वळताना तिथून दिसते. बराच वेळ गेला, आणि अचानक त्यांच्या लक्षात आलं की आपले हात पाठीमागे बांधलेले आहेत. खाली जांभळीखालची माणसं मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. तो साहेब आपल्याकडे बघतच नव्हता की काय? त्रेपन्न दिवस आपण ज्याला शिव्या दिल्या तो आपल्या डोक्यावरून पलीकडे, कोलाडच्या रस्त्याकडे, एखादा ट्रक येतो का ते बघत होता की काय? त्यांनी हात सोडले. पण सोडलेल्या हातांचं काय करायचं ते त्यांना सुचेना, आणि ते खिडकीतून बाजूला झाले.

पाटनीशेठ आले. जांभळीखाली नजर टाकून, काही न विचारता, नेहमीच्या खुर्चीत बसले. कारखान्यात दोन-अडीच हजार मूर्ती फळ्यांवर उभ्या होत्या. मुकुट सोनेरी, सोवळी पिवळी-लाल, आणि डोळ्यांच्या जागी कोरं. एरवी हैबतरावांना त्याचं काही वाटत नसे. आज मात्र ते त्या मूर्तींकडे पाठ येणार नाही अशा बेताने उभे राहिले. सुजयने मूर्ती पाटावर आणून ठेवली. रंभाने चहा दिला. शेठने बशीत चहा ओतला, प्यायला, बशी खाली ठेवली, आणि दाराकडे पाहिलं.

"बाई कुठे आहे आपली? ती डोळेवाली?"

सुजयने जत्रेचं सुरू केलं होतं, पण बाहेर जांभळीखाली ती डोळ्यांसमोर बसलेली असताना ते वाक्य अर्ध्यातच मेलं. सगळे हैबतरावांकडे बघायला लागले. दार उघडं होतं. जांभूळ पंधरा पावलांवर. आपण मोठ्याने बोललो तर तिकडे ऐकू जाईल हे त्यांना माहीत होतं, हळू बोलायचं त्यांनी ठरवलंही होतं. पण आवाज मोठाच निघाला.

"ती... ती काय, सुटं काम करते आमच्याकडे. कधीमधी. आज मीच काढतो डोळे. तिला शिकवलं मीच."

बोलल्यावर त्यांनी बाहेर पाहिलं नाही. पाटासमोर बसले. ब्रश रंगात बुडवला, कडेला निपटला. आठ वर्षांत त्यांनी डोळा काढला नव्हता. पण हात विसरत नाही, असं ते मनाशी म्हणत होते. डावा डोळा झाला. वाईट नव्हता. उजव्या डोळ्याची वरची रेघ ओढताना, का कुणास ठाऊक, त्यांना दवाखान्यातल्या त्या चपला दिसल्या. रबरी, निळ्या, एकीचा अंगठा तारेने बांधलेला. एका हातातून दुसऱ्या हातात. रेघ वर गेली, ती सावरायला त्यांनी खालची रेघ जाड केली, मग बुबुळ बाहेरच्या कडेला सरकलं. पांढरा ठिपका द्यायला नको होता. त्यांनी दिला. आणि मूर्ती बघायला लागली. डावा डोळा पाटनीशेठांकडे, उजवा उघड्या दारातून बाहेर, जांभळीकडे.

पाटनीशेठांनी सवयीने जोडायला उचललेले हात गुडघ्यांवर ठेवले. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर हैबतरावांना बरं वाटलं असतं. शेठ इंदूरचे, तिकडच्या जुन्या वळणाचं मराठी सावकाश बोलायचे. ते म्हणाले, "ठोंबरेजी, अकरा वर्षं मी तुमचा माल त्या बाईच्या हातावर उचलला. इंदुरात लोक येतात आणि म्हणतात, पेणचे डोळे द्या. आणि ती तुमची नव्हतीच?"

हैबतरावांनी तोंड उघडलं, पण शेठ त्यांना थांबवून पुढे म्हणाले की संपाबिंपाचं त्यांना काही वाटत नाही. त्यांच्या गोदामात दर दोन वर्षांनी हमाल बसतात, मग उठतात. पण जो माणूस एवढा जुना हात आपला म्हणत नाही, तो उद्या माझा शब्द आपला म्हणेल हे मी कशावरून धरू? हे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे, उत्तर मिळालं तर हवं आहे अशा सुरात विचारलं. मग बॅग उचलली. गुळाची पुडी आतच राहिली. दारात चपला घालताना ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. गाडी वळून महामार्गाला लागेपर्यंत हैबतराव पायरीवर उभे होते, ब्रशांच्या ओळीपाशी.

त्यानंतरचे दोन तास ते कारखान्यातच बसून होते. सुजय आधी त्यांच्यावर चिडला, मग फोनवर कुणाकुणावर चिडला, मग गाडी घेऊन कुठेतरी निघून गेला. हैबतराव समोरच्या तिरळ्या मूर्तीकडे बघत राहिले. रंग ओला आहे तोवर पुसायला हवा हे त्यांना कळत होतं. एवढी वर्षं आपण उलटंच वाचलं, असं त्यांच्या मनात आलं. रोह्यातली कंपनी नावं लिहिली म्हणून बुडाली नाही. सहा वर्षं न लिहिता काढली, माणसांना कोण हैबत म्हणून विचारलं, तेव्हाच ती आतून पोकळ झाली होती. त्रेपन्न दिवसांनी फक्त ते बाहेरच्यांना दिसलं. ट्रकवाल्यांना, माल नेणाऱ्यांना, चहावाल्याला. यादी मोठ्याने वाचली तोवर त्यांचा भरवसा उडाला होता. हे खरं होतं की पाटनीशेठ गेल्यामुळे सुचलेलं शहाणपण होतं, ते त्यांना ठरवता येईना. आता आपण उठून बाहेर जाऊ तर ते शरमेने की हरल्यामुळे, हेही कळेना. त्यांना रडू आलं. रोह्याच्या गेटवर आलं होतं तसलं नव्हे. हे कोरडं, घशातलं होतं आणि त्याने काही हलकं वाटलं नाही.

वर जाऊन त्यांनी कपाट उघडलं. सुजयच्या कॉलेजच्या काळातली एक लांबट, जाड पुठ्ठ्याची कोरी वही मिळाली. पिशवीतून गेटपास काढला. फोटोतला हैबत केसांचा भांग पाडून, कॉलर वर करून उभा होता. पासावरचे रकाने त्यांनी तसेच्या तसे वहीत आखले. पूर्ण नाव, गाव, काम, कामावर लागल्याची तारीख. अशी सरळ रेघांची आखणी त्यांच्या हाताला फार दिवसांनी लागत होती. मग तारखांचे चौकोन केले, महिन्याचे, आणि खाली आले.

जांभळीखाली सगळी तशीच होती. ऊन कलल्याने सावली सरकली होती, तेवढी माणसंही सरकून बसली होती. हैबतराव आले, तेव्हा या वेळी कुणी उठलं नाही. ते खाली मातीत बसले. वही मांडीवर घेतली. कुणाचं आधी लिहू, असं त्यांनी विचारलं, आणि कमळीचंच लिहायच्या तयारीने पेन टेकवलं.

"आदी केरूचं," कमळी म्हणाली.

केरूचं नाव, कामावर लागल्याच्या तारखेसह, म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. दवाखान्यातल्या कागदावर एक लिहिलं गेलं होतं आणि या वहीत दुसरं लिहिलं जाणार होतं. उद्या कुणी दोन्ही शेजारी ठेवून विचारलं असतं तर हैबतराव ठोंबरे खोटं बोलले हे त्यांच्याच अक्षरात सापडलं असतं. त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं, केरू. आणि पेन थांबलं. पूर्ण नाव, असा रकाना होता. त्यांच्या मोबाइलमध्ये तो ‘केरू माल’ होता, कमळी ‘कमळी आखणी’ होती. बारा वर्षांत केरूच्या बापाचं नाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आडनावही नाही. लागलंच नव्हतं कधी. त्यांनी मान वर केली.

कमळीने त्यांना काही क्षण तसंच राहू दिलं. मग म्हणाली, "केरू बेंडू हिलम. माझं बी हिलमच हाय."

त्यांनी लिहिलं. तारीख मात्र कुणालाच आठवत नव्हती. कुणी म्हणालं मोठ्या पुराच्या आधी, कुणी म्हणालं नंतर. शेवटी कमळीने सांगितलं की करिश्मा तेव्हा पोटात होती, आणि पोरगी आता सहावी पास होऊन सातवीला जाणार. हैबतरावांनी बोटांवर मोजून वर्ष काढलं आणि बारा वर्षांपूर्वीचा ज्येष्ठ महिना धरला. मग एकेक नाव आलं. चौदा माणसं, त्यांचे बाप, त्यांची आडनावं. काही नावं सांगताना बायका लाजल्या, कारण ती मोठ्याने सांगायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नसे. लिहून झाल्यावर हैबतरावांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी वाचून दाखवली. वाचताना त्यांना गेटवरचं ते टेबल आठवलं. त्यांनी एकही नाव गाळलं नाही.

सहा वाजत आले होते. बायका पदर झटकून उठल्या. पाटनीशेठांचं काय झालं ते त्यांनी बघितलं होतं. पुढच्या आठवड्यात काम असेल की नाही हे त्यांनी विचारलं नाही आणि हैबतरावांनाही ते माहीत नव्हतं. उद्या आठला येता ना, एवढंच त्यांनी विचारलं. कमळीने मान हलवली. पायरीवरचा आपला ब्रश उचलून तिने अंबाड्यात खोचला. मग दारातून आत, पाटावरच्या मूर्तीकडे बघितलं, आणि उद्या आल्यावर घासून काढते म्हणाली. निघता निघता ती वळली.

"शेट, आजचा खाडा मांडा. आमी आज काम नाय केलं."

आज खाडा मांडायचा तर कालची हजेरी मान्य करावी लागते, हे तिला कळून ती बोलली होती. हैबतरावांनी वही पुन्हा उघडली आणि आजच्या तारखेखाली, एकामागून एक, चौदा नावांपुढे चौदा खाडे मांडले. मग वर, पहिल्या ओळीकडे गेले. केरूच्या चौकोनात काय लिहायचं यावर त्यांना जरा विचार करावा लागला. तो आज कामावर नव्हता, पण बसलेलाही नव्हता. शेवटी त्यांनी त्या लहानशा चौकोनात मावेल इतक्या बारीक अक्षरात लिहिलं, ‘कामावर असताना पडला’, आणि खाली सही केली. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं, पायरीवर उरलेले तेरा ब्रश गोळा केले आणि आत नेऊन ठेवले.